एच.आय.व्ही.ची रक्ततपासणी व तिच्या निकालाचा अर्थ

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, अहवाल आणि देणगीदारांचे स्मरण यांना मानाचे स्थान असावे हे योग्यच आहे. संपादक मंडळाने आम्हांस मात्र, घरातील सर्वांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासाचा विषय घ्यावा, अशी सूचना केली. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहोत. तेव्हा रोगावर उपचार सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु कागदावर लिहिलेली गोष्ट नीट वाचावी कशी आणि तिच्यातून जेवढा निघतो तेवढाच अर्थ काढावा कसा, हे शिकविणे हा आमचा रोजचा धंदा आहे. म्हणून एच.आय.व्ही.च्या रक्ततपासणीचा कागद हा आजचा धडा आम्ही निवडला आहे.

हा विषय स्मरणिकेत कशाला, असे काही वडीलधाऱ्या मंडळींस वाटेल. त्यांना आमचे नम्र उत्तर एवढेच की, आपले इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव आहे. कारखाने, बंदर, ट्रकांची अखंड रहदारी, खानदेशातून, ओरिसातून आणि उत्तरेतून आलेले कामगार, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणारे कर्ते पुरुष, असे येथील जीवन आहे. आपल्याही घरांतील मुले कामासाठी दूरदेशी जातात. रोग जात, धर्म वा पगार पाहून येत नाही. न बोलल्याने तो टळत नाही. फक्त उशिरा कळतो.

विषाणू आणि रोग

प्रथम एक घोटाळा दूर करू. एच.आय.व्ही. हे विषाणूचे नाव आहे व एड्स हे त्या विषाणूने पुढे आणलेल्या अवस्थेचे नाव आहे. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या संरक्षक पेशींवर हल्ला करतो. औषध न घेतल्यास काही वर्षांनी या पेशी इतक्या घटतात की क्षयासारखे रोग शरीरात सहज शिरतात. त्या अवस्थेस एड्स म्हणतात. विषाणू शिरल्यापासून या अवस्थेपर्यंत बहुधा कित्येक वर्षे जातात व त्या काळात मनुष्य धडधाकट दिसतो. म्हणूनच चेहरा पाहून वा नाडी पाहून हे ओळखता येत नाही. रक्त तपासणे हाच एक मार्ग आहे.

विषाणू पसरण्याचे मार्ग मोजके आहेत : विषाणू असलेल्या व्यक्तीशी निरोधाविना शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्यास वापरणे, आणि गर्भारपणात, बाळंतपणात वा अंगावर पाजताना आईकडून बाळास. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, एका हौदावर हातपाय धुतल्याने किंवा डास चावल्याने हा विषाणू जात नाही. सुईचे महत्त्व आपल्या गुजरातेस वेगळे सांगावयास नको. २००९ साली साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे ब प्रकारच्या काविळीची साथ पसरली व अनेकांचे प्राण गेले. तो विषाणू निराळा होता, पण धडा तोच आहे.

तपासणी नेमकी कशाची होते?

बहुतेकांचा समज असा की यंत्रात रक्त घातले की विषाणू दिसतो. सामान्यतः तसे होत नाही. गावात चोर शिरल्याची कुणकुण लागली की पहारे बसतात. चोर दृष्टीस पडला नाही, तरी पहारे पाहून गावात काहीतरी घडले आहे हे आपण ओळखतो. शरीरही विषाणूविरुद्ध असे पहारेकरी तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. नेहमीची झटपट चाचणी या प्रतिपिंडांचा शोध घेते. बोटाच्या टोकाचे वा शिरेतले थोडे रक्त एका पट्टीवर घालतात. पट्टीवरील एक रेषा केवळ पट्टी ठीक चालते आहे हे दाखविते. ती उमटली नाही तर ती तपासणीच बाद. दुसऱ्या ठिकाणी रेषा उमटली तर चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली असे म्हणतात. साधारण अर्ध्या तासात हे काम होते.

पहारे बसण्यास वेळ लागतो हे येथे ध्यानात धरावे. विषाणू शिरल्यावर प्रतिपिंडे ओळखण्याइतकी होईपर्यंतच्या काळास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. झटपट चाचणीच्या बाबतीत हा काळ सुमारे ३ आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंत धरतात. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी प्रयोगशाळेतील नवी चाचणी याहून काहीशी लवकर सांगते. परंतु दुसऱ्या दिवशी सांगणारी चाचणी कोणतीही नाही. म्हणून काल धोका घडला आणि आज ‘निगेटिव्ह’ कागद मिळाला, तर तो कागद कालच्या घटनेविषयी काहीच सांगत नाही. धोका ताजा असेल तर कागदाची वाट न पाहता ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे मिळू शकतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी.

तपासणी फुकट होते म्हणून कोणी रक्तदान शिबिरात जाऊन रक्त देतात, असेही ऐकिवात आहे. हे अत्यंत घातक आहे. आपण त्या विंडो काळात असलो, तर आपले रक्त चाचणीतून निसटून एखाद्या निरपराध रोग्याच्या अंगात जाऊ शकते. रक्तदान दुसऱ्यासाठी करावे. स्वतःच्या शंकेसाठी तपासणी केंद्र आहे.

मद्रासची कथा

हिंदुस्थानात हा विषाणू प्रथम सापडला तो १९८६ साली मद्रास येथे. त्या शोधामागे मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव गायतोंडे. मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासेत तपासणीची सोय नसल्यामुळे ते नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेण्यात आले. सहा नमुन्यांनी विषाणूची खूण दाखविली.

आमच्या धड्यास उपयोगी भाग यापुढे आहे. एका चाचणीवर त्यांनी निकाल जाहीर केला नाही. त्या सहा स्त्रियांचे रक्त पुन्हा घेतले, पुन्हा तपासले, आणि मग नमुने अमेरिकेस पाठवून निराळ्या पद्धतीने खात्री करून घेतली. पुढे १९९३ साली डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने मद्रासेत वाय.आर.जी. केअर ही संस्था काढली व तपासणीच्या जोडीस समुपदेशन, म्हणजे आधी व नंतर माणसाशी बसून बोलणे, यास अग्रस्थान दिले. २०१५ साली त्या वारल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पहिल्या चाचणीनंतर थांबावयाचे नाही, हा त्यांचा कित्ता प्रत्येक घराने गिरविण्याजोगा आहे.

थोडे गणित

एकाच रेषेवर विश्वास का ठेवू नये, हे आम्ही वर्गात फळ्यावर मांडतो तसे येथे मांडतो. समजा, एक पट्टी इतकी चांगली आहे की विषाणू असलेला एकही मनुष्य तिच्यातून सुटत नाही, आणि निरोगी १०० माणसांत ती फक्त एकाच्या बाबतीत चुकते. आपल्या देशात प्रौढ लोकांत विषाणू असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे १,००० मध्ये २, असे आहे. त्या हिशेबाने १०,००० लोक तपासले तर त्यांत खरे बाधित २०, आणि निरोगी ९,९८०. पट्टी २० जणांस बरोबर ओळखील. पण ९,९८० मधील सुमारे १०० जणांच्या बाबतीतही चुकून रेषा दाखवील. एकूण रेषा १२०, त्यांपैकी खऱ्या २०. म्हणजे पहिल्या रेषेने घाबरलेल्या सहा माणसांपैकी पाच निरोगी!

आता या १२० जणांची वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या पट्टीने तपासणी करा. चुकलेल्या १०० पैकी फार तर एखादाच उरेल. तिसऱ्या पट्टीनंतर तोही बहुधा उरत नाही आणि खरे २० तेवढे राहतात. म्हणूनच आपल्या सरकारी केंद्रांत, ज्यास रोगाची लक्षणे नाहीत अशा व्यक्तीस ‘पॉझिटिव्ह’ ठरविण्यापूर्वी तीन निरनिराळ्या पट्ट्यांनी तपासण्याचा नियम आहे.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहावी. जेथे १०,००० मध्ये १,००० बाधित आहेत अशा समूहात तीच पट्टी वापरली, तर ९,००० निरोग्यांपैकी ९० जणांस चुकून रेषा येईल. एकूण रेषा १,०९० व खऱ्या १,०००. म्हणजे बारांपैकी अकरा खऱ्या. पट्टी तीच, रेषा तीच. परंतु माणसाच्या परिस्थितीप्रमाणे तिचा अर्थ बदलला. यासाठीच समुपदेशक तपासणीपूर्वी चार प्रश्न विचारतो. ते प्रश्न म्हणजे चौकशी नव्हे, आणि अब्रू काढणे तर नव्हेच.

निकाल वाचावा कसा?

कागदावर तीनपैकी एक निकाल येतो.

पहिला : निगेटिव्ह. पहिलीच चाचणी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आली की पुढच्या चाचण्यांची गरज राहत नाही. गेल्या ३ महिन्यांत धोक्याचा प्रसंग घडला नसेल तर हा निकाल निश्चिंतपणे मानावा. घडला असेल तर ३ महिन्यांनी पुन्हा यावे, आणि तोवर जोडीदारास जपावे. पतीचा निकाल निगेटिव्ह आला म्हणजे पत्नीचाही आला, असे मात्र मुळीच नाही. ज्याचे रक्त, त्याचा निकाल.

दुसरा : पॉझिटिव्ह. तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच हा शब्द लिहितात. याचा अर्थ शरीरात विषाणू आहे. तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे तो कागद सांगत नाही. घरात प्रथम जिची तपासणी झाली तिनेच रोग आणला, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. गर्भवती स्त्रियांची तपासणी नियमाने होते म्हणून अनेक घरांत तिचे कळणे आधी घडते, इतकेच.

तिसरा : अनिश्चित. तीन चाचण्यांचे सूत जुळले नाही तर असे लिहितात. हा ‘हो’ही नव्हे आणि ‘नाही’ही नव्हे. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावयाचे असते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरतात व १८ महिन्यांपर्यंतही राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत बाळाची रेषा उमटली तरी बाळास विषाणू आहे असे सिद्ध होत नाही. अशा बाळासाठी खुद्द विषाणूचा शोध घेणारी वेगळी चाचणी सुमारे ६ आठवड्यांच्या वयापासून करतात आणि १८ महिन्यांनी शेवटची खात्री करतात.

हे पुस्तकी ज्ञान नव्हे. आमचा एक माजी विद्यार्थी एका खाजगी प्रयोगशाळेचा कागद घेऊन आमच्याकडे आला. नोकरीच्या जागी मागितले म्हणून त्याने रक्त दिले होते व कागदावर एकच शब्द होता, ‘रिॲक्टिव्ह’. दुसरी चाचणी नाही, कोणी समजावून सांगितले नाही. त्या एका शब्दावर त्याने बायकोस माहेरी धाडले होते आणि स्वतःचे ताट वेगळे केले होते. आम्ही त्याच्यापुढे वरील १२० व २० चे गणित मांडले. दुसऱ्या दिवशी तो सरकारी केंद्रात गेला. तेथील निकाल निगेटिव्ह आला. ३ महिन्यांनी पुन्हा तपासले, तोही निगेटिव्हच. तो पास झाला म्हणून ही हकीकत सांगत नाही. निकाल उलटा आला असता, तरी ताट वेगळे करण्याचे कारण नव्हते, हे सांगण्यासाठी सांगतो.

पॉझिटिव्ह आल्यावर

एके काळी हा शब्द म्हणजे मृत्युपत्र वाटे. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून सीडी-४ पेशी कितीही असोत, निदान होताच प्रत्येकास औषध देण्याचे धोरण आहे. औषध जन्मभर, रोज, न चुकता घ्यावयाचे असते. विषाणू समूळ जात नाही. पण दबून राहतो आणि मनुष्य संसार, नोकरी व म्हातारपण इतरांप्रमाणे अनुभवू शकतो.

यापुढे दोन नवी नावे कानावर येतात. सीडी-४ ची मोजणी शरीराची शक्ती किती उरली ते सांगते. ‘व्हायरल लोड’ ही रक्तात विषाणू किती आहे ते सांगते. औषध सुरू झाल्यावर ६ व १२ महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी ती करतात. या मोजणीत विषाणू सापडत नाही इतका घटला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदारास जात नाही, हे आता जगभरच्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. मात्र ‘सापडत नाही’ म्हणजे ‘बरा झाला’ नव्हे. औषध सोडले की विषाणू पुन्हा वाढतो.

बाळाच्या बाबतीतही तेच. उपाय न केल्यास आईकडून बाळास विषाणू जाण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ आहे. वेळीच औषध घेतल्यास ते शेकडा ५ च्या खाली येते. या एका आकड्यासाठी तरी गर्भवतीची तपासणी टाळू नये. सासूबाईंनी ‘आमच्या घरात असले काही नाही’ म्हणून सुनेस परत नेऊ नये.

गोव्याचा प्रसंग व आजचा कायदा

लोक तपासणीस भितात ते सुईस नव्हे, बोभाट्यास. ती भीती निराधार नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी म्हापशास बोलावून घेतले. तो नियमित रक्तदान करीत असे. त्या रक्ताची तपासणी झाली होती आणि निकाल त्यास कोणी नीट सांगितलाही नव्हता. त्या वेळच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यास एका ओस क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवण्यात आले. त्याची आई ल्युसी हिने उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली. पण ते कलम मात्र न्यायालयाने तेव्हा वैध ठरविले. डॉमिनिकने पुढे विषाणूबाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ साली तो वारला.

त्यानंतर वारे बदलले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे संसदेने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे समजावून सांगून घेतलेल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा लागतो. नोकरी, शिक्षण वा उपचार देण्यासाठी या तपासणीची अट घालता येत नाही. न्यायालयाचा हुकूम, रक्तपेढीतील तपासणी असे मोजके अपवाद आहेत. आमच्या त्या विद्यार्थ्याकडे मागितलेला कागद मागण्याचा कोणास अधिकारच नव्हता.

आपल्यापुढील प्रश्न

आता घरचा प्रश्न. समाजाच्या सभांतून एक सूचना वारंवार येते की, सामुदायिक निकाहासाठी नाव नोंदविताना वधूवरांनी एच.आय.व्ही.चा दाखला समितीकडे द्यावा. सूचनेमागील तळमळ आम्ही जाणतो. मुलीच्या बापाची चिंता आम्हांसही ठाऊक आहे. तरीही आमचे मत सूचनेविरुद्ध आहे. दाखला समितीच्या कपाटात गेला की गुप्तता संपली. दाखला फक्त त्या दिवसापुरता बोलतो. विंडो काळाविषयी तो मुका आहे. आणि ज्यास खरी शंका आहे तो अशा सक्तीमुळे केंद्राकडे न जाता दाखला ‘मिळविण्याच्या’ मार्गास लागेल.

त्याऐवजी आम्ही असे सुचवितो : लग्न ठरल्यावर मुलाने व मुलीने दोघांनीही, केवळ एकाने नव्हे, आपखुशीने केंद्रात जावे, समुपदेशकाशी बोलावे व निकाल एकमेकांस सांगावा. समितीने एवढेच करावे की नोंदणीच्या वेळी ही माहिती प्रत्येक घरास द्यावी. कागद मागू नये. लपवाछपवी हा दगा आहे आणि तो धर्मासही मान्य नाही. पण चव्हाट्यावर मांडणे हा त्यावरील उपाय नव्हे.

उजळणी

विद्यार्थ्यांप्रमाणे वाचकांसही शेवटी चार गोष्टी पाठ करावयास देतो. एक, एका रेषेवर निकाल ठरत नाही. दोन, धोक्यानंतर ३ महिने पुरे होईपर्यंत निगेटिव्ह निकाल पक्का नव्हे. आणि ताज्या धोक्यात ७२ तास मोलाचे. तीन, पॉझिटिव्ह निकाल ही उपचाराची पहिली पायरी आहे, गुन्ह्याची शाबिती नव्हे. चार, निकाल ज्याचा त्याचा. तो सांगण्याचा हक्कही त्याचाच, आणि जोडीदारास सांगण्याचे कर्तव्यही त्याचेच.

तपासणी कोठे करावी? सुरतेच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये व महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात सरकारी केंद्र आहे. तेथे तपासणी व सल्ला मोफत मिळतो. आधी विचारून घ्यावयाचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करावा. त्यास पैसे पडत नाहीत.

स्मरणिका वाचून झाली की बहुधा कपाटात जाते. ही चार पाने मात्र घरातील तरुण मुलामुलींच्या हाती पडतील अशा ठिकाणी ठेवावीत, एवढी विनंती करून आम्ही वाचकांची रजा घेतो.